जुन्या सिनेमाचं पोस्टर घरी आणायचंय? मग आधी हे वाचा

हल्ली कुठल्याही कॅफेत जा, सलूनमध्ये जा, नाहीतर मित्राच्या नव्या फ्लॅटची पूजा असू दे, भिंतीवर तेच ठरलेले चेहरे, मधुबाला हसतीये, अमिताभ बिडी ओढतोय, नर्गिस नांगर ओढतीये, आणि सगळं काल छापल्यासारखं चकाचक. छापलेलं कालच असतं म्हणा. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला खरोखर जुन्या नटनट्यांचं वेड असेल आणि त्या काळचा खराखुरा कागद हातात धरायचा असेल तर काय घ्यायचं, कसं ओळखायचं आणि घरी आणल्यावर कसं सांभाळायचं हे माहीत हवं, नाहीतर एकतर फसाल किंवा चांगली वस्तू स्वतःच्या हाताने खराब कराल.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात पोस्टरने करू नका. पोस्टर मोठं, साधारण ३० बाय ४० इंच, महाग, ठेवायला जागा लागते आणि नकलाही सगळ्यात जास्त त्याच्याच निघतात. सुरुवात करायची ती बुकलेटने. पूर्वी सिनेमा लागला की थेटरात गाण्यांची छोटी पुस्तिका विकायला असायची, दोन आणे, तीन आणे अशी किंमत, मुखपृष्ठावर रंगीत चित्र, आत कलाकारांची नावं, थोडक्यात कथा आणि सगळी गाणी. जुन्या बाजारात अजूनही हे गठ्ठ्याने मिळतं आणि एका पुस्तिकेत जेवढा मसाला असतो तेवढा अख्ख्या पोस्टरात नसतो. हिंदी सिनेमाचं बुकलेट असेल तर तीच गाणी देवनागरीत, उर्दूत आणि कधी रोमन लिपीत पण, म्हणजे प्रेक्षक कोण कोण होता ते न सांगता कळतं. कथा अर्ध्यावर आणून सोडलेली, नायिकेवर आळ आलाय, नायक परगावी, आणि खाली ‘पुढे काय होतं ते रुपेरी पडद्यावर पाहा’ असल्या धर्तीचं वाक्य. मागच्या पानावर त्याच कंपनीच्या पुढच्या सिनेमाची जाहिरात, आणि तो सिनेमा पुढे निघालाच असेल असं काही नाही बरं का, कित्येक डब्यात गेले, त्यांचा पुरावा म्हणजे हे एवढंच मागचं पान. मला विचाराल तर सगळ्या संग्रहात हीच पानं सगळ्यात मजेची.

मग शो कार्ड आणि लॉबी कार्ड, म्हणजे थेटराच्या शोकेसमध्ये लावायचे फोटो, जे बघून पब्लिक ठरवायचं की तिकीट काढायचं का नाही. मग मासिकं. बाबूराव पटेलांचं फिल्मइंडिया १९३५ पासूनचं, फिल्मफेअर १९५२ पासूनचं, मराठीत रसरंग, चंदेरी वगैरे. साबणाच्या जाहिराती विसरू नका, लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आल्या, तोवर तिथे हॉलिवूडच्या गोऱ्या नट्याच असायच्या, त्यामुळे त्या काळचं मासिक मिळालं आणि आत ते पान शाबूत असलं तर मुखपृष्ठ फाटकं असलं तरी घ्या.

आता वय कसं ओळखायचं ते. विक्रेता म्हणेल ‘साठ साल का है साहब’, त्यावर मान डोलवायची आणि आपण कागद वाचायचा. किंमत छापलेली असेल तर आधी ती बघा. आणे असतील तर बहुतेक १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर ते १९५७ ते १९६४ मधलं, कारण १९६४ मध्ये ‘नया’ शब्द काढून टाकला आणि नुसता पैसा राहिला. मग छापखान्याचा किंवा वितरकाचा पत्ता शोधा, खालच्या कडेला बारीक अक्षरात असतो. ‘बॉम्बे ४’, ‘बॉम्बे २८’ असा नुसता विभागाचा नंबर असेल तर जुनं, सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. आणि इंग्रजी पत्त्यात बॉम्बेच्या जागी मुंबई असेल तर १९९५ नंतरचं. एवढ्या तीन-चार गोष्टींवर निम्मी थापेबाजी तिथल्या तिथे उघडी पडते. १९५१ चं ‘ओरिजिनल’ पोस्टर आणि खाली ४०० ००७, काय बोलायचं.

पण थांबा, पिनकोड सापडला म्हणजे लगेच नकली असं पण नाही. आपल्याकडे गाजलेले सिनेमे पुन्हा पुन्हा लागायचे, दहा-पंधरा वर्षांनी नवीन प्रिंट काढली की नवीन पोस्टर छापायचे, त्याला री-रिलीज पोस्टर म्हणतात. ते पण खरंच असतं, थेटराबाहेर लागलेलं असतं, फक्त पहिल्या वेळचं नसतं. किमतीत मात्र चांगलाच फरक पडतो, म्हणून विचारायचं ते ‘ओरिजिनल आहे का’ असं नाही, ‘पहिल्या रिलीजचं आहे का’ असं विचारायचं. मुघल-ए-आझम १९६० चा आणि त्याची रंगीत आवृत्ती आली २००४ ला, दोन्हीची पोस्टरं बाजारात फिरतात आणि दोन्हींना लोक जुनं म्हणतात. माझं मत विचाराल तर खिशाला परवडत नसेल तर री-रिलीज बिनधास्त घ्या, सत्तरच्या दशकात पुन्हा रंगवलेली काही पोस्टरं मूळच्यापेक्षा भडक आणि मजेशीर आहेत.

नवी नक्कल ओळखायला घड्याळजीकडे असतं तसलं दहा पट दाखवणारं भिंग घ्या, खिशात मावतं. हे भिंग चेहऱ्यावर ठेवायचं, गालाजवळ, जिथे रंग हळूहळू गडद होत जातो तिथे. जुनी लिथो, म्हणजे दगडावरून किंवा पत्र्यावरून केलेली छपाई असेल तर ठिपके एकसारखे दिसत नाहीत, खडूने खरवडल्यासारखा दाणेदार पोत दिसतो, कारण कारागिराने प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा हाताने तयार केलेला असायचा, त्यामुळे कधी कधी लाल रंग ओठाच्या बाहेर केसभर सरकलेला पण सापडतो. ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई असेल तर ठिपक्यांची नीट नक्षी दिसते, छोट्या छोट्या फुलांसारखी वर्तुळं. आणि आत्ताच्या इंकजेटवर काढलेलं असेल तर रंगाचे बारीक शिंतोडे उडाल्यासारखे विखुरलेले दिसतात, नक्षी नाहीच. एकदा तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, पुन्हा कुणाला विचारायला लागणार नाही.

दुसरी युक्ती याहून सोपी आहे, घड्या बघा. जुनी पोस्टरं घडी घालूनच वितरकाकडून थेटरात जायची, त्यामुळे घडीच्या रेषा असणारच. नक्कल करणारा मूळ पोस्टर स्कॅन करतो तेव्हा त्या घड्या पण छापल्या जातात. मग डोळ्याला घडी दिसते पण बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. फाटलेला कोपरा दिसतो पण फाटलेलाच नाही. टाचणीचं भोक दिसतं आणि उजेडात धरलं तर आरपार काहीच नाही! यावर हसू येतं पण कित्येक लोक असलं ‘अँटिक’ म्हणून घेऊन जातात. तिसरं म्हणजे यूव्ही टॉर्च, नोटा तपासायला वापरतात ती. साधारण १९५० च्या आधीच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी आजची रसायनं नसतात, त्यामुळे चाळीसच्या दशकातलं म्हणून दाखवलेलं पोस्टर टॉर्चखाली निळसर पांढरं लखलखलं तर पैसे परत खिशात. मात्र नंतरच्या कागदाला हा नियम लावू नका, तिथे चमकलं तरी खरं असू शकतं.

मागची बाजू बघायला लाजू नका, तिथेच खरी कुंडली असते. वितरकाचा शिक्का, थेटरचं नाव पेन्सिलने, कुठल्या गावाला पाठवलं त्याची नोंद. मुंबईचा वितरणाचा बहुतेक धंदा तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या नाझ थेटरच्या आवारात असायचा, आणि विदर्भ-खानदेशाकडचा, ज्याला सिनेमावाले अजून ‘सीपी-बेरार’ म्हणतात, तो भुसावळ, अमरावतीकडे. त्यामुळे मागे भुसावळचा शिक्का असलेलं मळकट पोस्टर मला तरी शिक्का नसलेल्या स्वच्छ पोस्टरपेक्षा जास्त आवडतं, ते रेल्वेने फिरून आलेलं असतं, कुठल्यातरी टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर लागलेलं असतं.

एक गोष्ट बहुतेक लोक करतच नाहीत, ती म्हणजे कोपऱ्यातली सही वाचणं. आपण स्टारला बघतो आणि ज्याने तो स्टार रंगवला त्याला विसरतो. आपल्याकडे तर ही परंपराच कोल्हापुरातून सुरू होते, बाबूराव पेंटर, स्वतः चित्रकार, शिल्पकार, कॅमेरा स्वतः बनवणारे, सिनेमाची पोस्टरं पण स्वतःच करणारे. त्यांच्या १९२४ च्या कल्याण खजिनाचं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांमधलं सगळ्यात जुनं मानतात. कोल्हापूरचेच जी. कांबळे, ज्यांनी केलेलं शिवाजी महाराजांचं चित्र आपल्या घराघरात आणि कचेऱ्यांत आहे, ते सिनेमाची पोस्टरं आणि मोठमोठे बॅनर रंगवायचे. एस. एम. पंडित मुंबईत हॉलिवूडच्या सिनेमांची शो कार्डं करायचे आणि फिल्मइंडियाची मुखपृष्ठं पण. एम. एफ. हुसेन सुरुवातीला सिनेमाचे होर्डिंग रंगवत होते हे तर सगळ्यांना माहितीये. आणि सत्तरचं दशक म्हणजे दिवाकर करकरे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकलेले, नुसतं ‘दिवाकर’ सही करायचे, दीवार, अमर अकबर अँथनी ही त्यांचीच. त्यांची पोस्टरं जवळून बघा, चेहऱ्यावर चाकूने फासल्यासारखे रंगाचे जाड फटकारे, अर्धा गाल लाल, अर्धा निळा, आणि चार पावलं मागे गेलं की तोच चेहरा रागाने धुमसतोय. रस्त्यावरून बसमधून जाणाऱ्याला दोन सेकंदात कळलं पाहिजे की हीरो चिडलाय, हे त्यामागचं गणित. कॅफेतल्या नकलेत हे फटकारे सपाट होऊन जातात.

दिवाळी अंकांचं पण तेच. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळ गोव्याचे, यांची मुखपृष्ठं सिनेमाची नसली तरी त्या काळच्या नट्यांचा चेहरामोहरा, ती भुवई, तो अंबाडा, सगळं त्यात उतरलेलं आहे. रेट्रो म्हणून भिंतीवर काही लावायचंच असेल तर हे आपलं घरचं रेट्रो आहे आणि अजून तरी रद्दीत सापडतं.

फोटोंबद्दल थोडं. स्टुडिओतला जुना कृष्णधवल फोटो हातात आला तर आधी डोळ्यांच्या बाहुल्या बघा, त्यात दिव्याचे पांढरे ठिपके दिसतील, किती दिवे होते आणि कुठे होते ते त्यावरून कळतं. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्करांनी चाळीस-पन्नासच्या दशकातल्या जवळपास सगळ्या मोठ्या ताऱ्यांचे फोटो काढले, त्यातला उजेड बघत बसावा असा आहे. त्या काळी फोटोशॉप नव्हतं म्हणून सगळं नैसर्गिक होतं असं समजू नका, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने टचिंग करून सुरकुत्या, डाग गायब करायचे. मीनाकुमारीचा गाल एवढा नितळ दिसतो त्यात टचिंगवाल्याचा वाटा असणारच.

आता कुठे मिळतं. मुंबईत भेंडीबाजारातला चोरबाजार, मटण स्ट्रीट, शुक्रवारी तिथली दुकानं बंद पण पहाटे रस्त्यावर जो बाजार भरतो तिथे नशीब असेल तर सापडतं. त्या भागात पुनर्विकास चालूये, गल्ल्यांचा चेहरा बदलत चाललाय, त्यामुळे ओळखीचं दुकान जागेवर आहे का ते आधी बघून जा. पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार. पण खरं सांगू का, सगळ्यात चांगला माल गावाकडच्या बंद पडलेल्या थेटरांच्या माळ्यावर, प्रोजेक्टर चालवणाऱ्या जुन्या ऑपरेटरांच्या ट्रंकेत आणि रद्दीवाल्याकडे असतो. रद्दीवाल्याला सांगून ठेवायचं, ‘काका, सिनेमाचं काहीही आलं तरी फोन करा’ आणि आलं की पहिल्या वेळी घासाघीस करायची नाही, मग तो दुसऱ्या वेळी नक्की फोन करतो. दुकानात मात्र भाव करायचाच. हवं ते पोस्टर पहिलं उचलायचं नाही, दुसरंच काहीतरी बघत बसायचं आणि जाता जाता ‘याचं काय’, एवढं तर आपल्याला येतंच. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो मागा आणि एक फोटो तिरक्या उजेडात काढायला सांगा, त्यात खऱ्या घड्या उठून दिसतात. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि विकत घ्यायच्या आधी डोळा तयार करायचा असेल तर पेडर रोडचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय बघून या, २०१९ ला उघडलंय, गुलशन महालची जुनी इमारतच बघण्यासारखी आहे. पुण्यात १९६४ पासूनचं फिल्म अर्काइव्ह आहे, लॉ कॉलेज रोडला.

वस्तू घरी आली. आता सगळ्यात आधी काय करायचं, तर काही नाही करायचं. सेलोटेप लावायची नाही, म्हणजे नाहीच, ती पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि तो डाग कायमचा. लॅमिनेशन तर पापच आहे, माझ्या ओळखीतल्या एकाने फ्रेमवाल्याकडे चांगलं लिथो पोस्टर दिलं आणि त्या भल्या माणसाने विचारलंसुद्धा नाही, लॅमिनेट करून वर हार्डबोर्डला चिकटवून दिलं, आता ते सोडवायचं तर कागद सोलून निघेल. फ्रेमवाल्याला कागदावर लिहून द्या, चिकटवायचं नाही, कापायचं नाही, कडा दुमडायच्या नाहीत. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, जुने रंग पाण्याने सुटतात. इस्त्री पण नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, पोस्टर सपाट पसरून वर स्वच्छ टीपकागद आणि त्यावर जाड पुस्तकं ठेवून काही आठवडे विसरून जा, घड्या बऱ्याच बसतात. बुकलेटच्या पिना गंजलेल्या असतील तर मागून पाय उघडून अलगद काढा, ओढू नका, आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. फारच फाटलेलं पोस्टर असेल तर ते कापडावर चढवून घेतात, लिनन बॅकिंग म्हणतात त्याला, पण ते जाणकाराकडूनच आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. फेव्हिकॉलने मांजरपाटावर ठोकून देणारे पण आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

ठेवायला पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या घ्या, स्टेशनरीतल्या वास येणाऱ्या पीव्हीसीच्या नकोत, त्या कागदाला चिकटतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात तिथूनच ओल येते. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि ती बदलत राहा. कसर आणि वाळवी हे दोन खरे शत्रू, कसरीला तर खळीचा कागद म्हणजे मेजवानी. डांबर गोळ्या कागदाला लागतील अशा टाकू नका. जुन्या गठ्ठ्यात किडे दिसले तर तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करायचा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवायचा, बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर आतल्या आत पाणी सुटतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, मटाराच्या शेजारी दिलीपकुमार बघून आई बोलणारच.

भिंतीवर लावायचं असेल तर माझा सल्ला, मूळ वस्तू कपाटात आणि स्कॅन करून काढलेली प्रिंट भिंतीवर. उन्हात पहिले जातात लाल आणि पिवळा, म्हणून जुन्या पानपट्टीवरची पोस्टरं सगळी निळी पडलेली असतात, बघितली असतील. बुकलेट ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोठं पोस्टर असेल तर सावलीत सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढा, आणि प्रिंट मॅट कागदावर घ्या, चकचकीत नको. मूळच लावायचं असा हट्ट असेल तर काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवीच, यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक मिळतं ते वापरा, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडा. या स्कॅनच्या प्रिंटा काढून विकायच्या मात्र भानगडीत पडू नका. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, पण चित्राचा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे सिनेमा मोकळा झाला तरी त्याचं रंगवलेलं पोस्टर मोकळं झालेलं असेलच असं नाही.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण करा. प्रत्येक वस्तूच्या पाकिटावर, वस्तूवर नाही, मऊ पेन्सिलने लिहून ठेवा, कुठून आली, कुणी दिली, कुठल्या थेटरची आहे, चित्रकार कोण, छापखाना कोणता. देणारं माणूस वयस्कर असेल तर त्याला तिथेच बसून विचारा की हा सिनेमा कुठे बघितला होतात, रांगेत किती वेळ उभे होतात, ब्लॅकने घेतलं होतं का तिकीट, आणि चालत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि दसऱ्याच्या आसपास, सगळं बाहेर काढून कसर लागलीये का बघायचं, सिलिका बदलायचं आणि डबल झालेल्या वस्तू बाजूला काढायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाशी अदलाबदल करता येते.